आधी अंबाबाईचा परिसर, मग पन्हाळा

पन्हाळ्यावर लिहिण्याचं आश्वासन या आठवड्यापुरतं पुढे ढकलावं लागतंय. कारण ठाण्याच्या एका वाचक बाईंचं पत्र. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापुरात सोडणार. त्याच दिवशी गाडी करून जोतिबा, पन्हाळा आणि जमलं तर नरसोबाची वाडी करावी का, असं त्या विचारतात.

करू नये. जोतिबा-पन्हाळा एका दिशेला, वाडी अगदी दुसऱ्या दिशेला. रात्रभर गाडीत अवघडलेल्या माणसांना पुन्हा गाडीतच बसवायचं, तर मग आलोच कशाला? पहिल्या दिवसासाठी अंबाबाईच्या देवळाभोवतीचा पायी फिरण्याजोगा परिसर पुरतो, नव्हे, उरतो.

सामान लॉजवर टाकावं. खोली दुपारी मिळणार असली तरी सामान बहुधा ठेवून घेतात. मग मिसळ. कोल्हापुरी मिसळीबरोबर पावाचे स्लाइस येतात आणि कट वेगळा मागता येतो. मुलासाठी आधीच ‘कट कमी’ सांगून ठेवावं.

देवळातली रांग लांब असेल तर सासूबाईंना तासभर उभं करायचं कारण नाही. मुखदर्शन घ्यावं, मग बाहेरच्या भिंतीवरून सावकाश नजर फिरवत प्रदक्षिणा करावी. वाद्यं वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या त्या दगडी बायकांपुढे बहुतेक लोक प्रसादाच्या घाईत थांबतच नाहीत. शुक्रवार असेल तर रात्री पालखीलाही यावं. एकच खबरदारी : 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस. देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून वर सरकत जातात. नोव्हेंबरातले ते दिवस 22 डिसेंबरच्या साधारण बेचाळीस दिवस आधी येतात आणि जानेवारी-फेब्रुवारीतले जवळपास तितकेच नंतर. दक्षिणेकडे जाणारा आणि तिथून परतणारा सूर्य या दोन्ही वेळी क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो, म्हणून सोहळा वर्षातून दोनदा. बघण्यासारखाच आहे, पण त्या संध्याकाळी तिथे निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये.

देवळातून भवानी मंडप आणि तिथून खासबाग मैदान. हे सगळं रमतगमत चालण्याचं अंतर. खासबागेत कुस्ती नसेल तरी आत डोकवावं. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, तिथे रोमचं जुनं क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि 1912 मध्ये हे मैदान उभं राहिलं. कुस्तीचा हौदा खाली, प्रेक्षक चहूबाजूंनी चढत्या उतारावर, मध्ये खांब नाही. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पट काढलेला स्वच्छ दिसतो. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृहही महाराजांनीच बांधलेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मल्ल आणि नट यांना एका कुंपणाची शेजारघरं देणारा राजा दुसरा सांगता येणार नाही, म्हणून या जागेपाशी थोडा वेळ थांबावंच.

दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि मग झोप. ही झोप कार्यक्रमातच धरावी.

चारच्या सुमारास टाऊन हॉल. बाईंच्या यादीत तो नव्हता, कोल्हापूरकरांच्याही क्वचितच असतो. बागेतल्या या जुन्या इमारतीत शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे आणि त्यात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीतून निघालेल्या वस्तू आहेत. त्यांत वीतभरही उंची नसलेली एक ब्राँझची मूर्ती आहे : पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. सातवाहनांच्या काळात ब्रह्मपुरीला नांदतं गाव होतं, आणि समुद्रापारचा हा देव सह्याद्रीचा घाट चढून तिथल्या कुणाच्या तरी घरी आला. कोकणच्या बंदरांत माल उतरायचा, तो घाटवाटांनी वर यायचा, हे पुस्तकात वाचून पटतंच असं नाही. त्या चिमुकल्या मूर्तीसमोर उभं राहिलं की पटतं. जवळच हत्तीवर बसलेल्या स्वारांचं ब्राँझ आहे, तेही त्याच टेकडीतलं. सकाळी रोमवरून सुचलेलं मैदान आणि संध्याकाळी रोमन व्यापाराबरोबर आलेला देव, असे दोन्ही एकाच दिवसात पाहता येतात. दहा वर्षांच्या मुलाला हा धागा आधी सांगून ठेवला तर मूर्ती तोच शोधून काढेल.

मग रिक्षाने रंकाळा. मुळात ही दगडाची खाण. आता काठावर शालिनी पॅलेस, संध्यामठ आणि भेळेच्या गाड्या. सासूबाईंना बसायला कठडा आहे, मुलाला पळायला जागा. परतताना गंगावेशीत दूध कट्टा लागतो. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, तसंच फेसाळ दूध पेल्यात. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी मात्र पिऊ नये, नुसतं पाहावं. चप्पल आणि साज यांची खरेदी पहिल्या दिवशी मुळीच नको. थकलेल्या पायांनी चपलेचं माप चुकतं आणि थकलेल्या माणसाकडून घासाघीस होत नाही.

पन्हाळा पुढच्या आठवड्यात नक्की. त्याआधी ठाण्याच्या बाईंसाठी एक सूचना : टाऊन हॉलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा रविवार रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट काढू नये.