दंडसमता आणि मैत्री : प्राचीन चीनच्या एकीकरणाचा बोध

इ. स. पू. २३० ते २२१ या काळात छिन राज्याने उरलेली सहा राज्ये जिंकून चीन एकछत्री केला. या यशामागे शस्त्रबळाबरोबरच एक तत्त्वज्ञानही उभे होते. त्यास आपण विधिवाद म्हणू.

त्याचा पाया इ. स. पू. चौथ्या शतकात छिनचा मंत्री शांग यांग याने घातला. युद्धात पराक्रम न करणाऱ्या राजकुलीनांनाही त्याने मानाचा दर्जा नाकारला. जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाचे चटके सोसलेल्या आपल्या समाजास या सुधारणेचे मोल सांगावयास नको. परंतु त्यानेच कुटुंबांचे पाच-पाच, दहा-दहांचे गट पाडून एकाच्या अपराधाचा भार सर्वांवर टाकला. शेजारी शेजाऱ्याचा पहारेकरी झाला. पुढे हान फेई याने बक्षीस आणि शिक्षा ही राज्यकर्त्याची दोन साधने होत, असे प्रतिपादिले.

प्रथम सम्राट शी ह्वांग-ती आणि त्याचा मंत्री ली स यांनी जहागिऱ्यांऐवजी ३६ प्रांत नेमले. लिपी, नाणी, वजने व मापे एक केली. मात्र इ. स. पू. २१३ मध्ये खाजगी संग्रहातील ग्रंथ जाळण्याची आज्ञाही याच राजवटीने दिली. सम्राट इ. स. पू. २१० मध्ये वारला. पुढच्याच वर्षी सक्तीने भरती केलेल्या लोकांनी बंड पुकारले आणि थोड्याच काळात छिन घराणे संपले. त्याची शासनव्यवस्था मात्र नंतरच्या हान राजवटीने बऱ्याच अंशी स्वीकारली.

त्याच शतकात आपल्याकडे सम्राट अशोक राज्य करीत होता. चौथ्या स्तंभलेखात तोही न्यायव्यवहारात व दंडात समता असावी, असे सांगतो. मात्र त्याच लेखात मृत्युदंड झालेल्यांना तो तीन दिवसांची मुदत देतो. मौर्य साम्राज्यही पुढे फार काळ टिकले नाही. तेव्हा केवळ टिकाऊपणावरून या दोहोंची तुलना करता येणार नाही. भेद हेतूचा आहे. विधिवादात प्रजा हे राज्याच्या सामर्थ्याचे साधन होते. अशोकाच्या दृष्टीने दंडास पात्र ठरलेला मनुष्यही करुणेचा विषय होता.

१९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी बंधुत्वास सर्वोच्च स्थान दिले. स्वातंत्र्य व समता नाकारली जाऊ नये यासाठी तेच खरे संरक्षण होय, अशी त्यांची भूमिका होती. कायद्याने जन्माचा मान हिरावता येतो, हे छिनने दाखविले. माणसाला माणसाजवळ आणण्याचे कार्य मात्र मैत्रीचे आहे, आणि ते आपणां सर्वांवर सोपविलेले आहे.