साथीच्या काळात न सांगता येणारे दुखणे

गेल्या आठवड्यात एक आई आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. 'मुलगा' हे आईच्या तोंडचे. त्याचे वय तिशीच्या पुढे आहे. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. साधा सर्दी-ताप होता. मी औषध लिहीत असताना आई म्हणाली, "डॉक्टर, परत तसली साथ आली तर याचं कसं व्हायचं हो? मागच्या वेळी तुम्ही होता म्हणून वाचला."

मी काहीच बोललो नाही. कारण तो माझ्यामुळे वाचला नव्हता, माझी चूक होऊनही वाचला होता. ती चूक आज वाचकांना सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

एसटी बंद झाली तेव्हा

पूर्वी आपण 'मतिमंद' म्हणत असू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' असा शब्द आहे. शब्द बदलला हे चांगलेच झाले. अशा व्यक्तीला नवी गोष्ट समजायला, शिकायला आणि मनातले सांगायला वेळ लागतो. पण शिकलेली गोष्ट ती जिवापाड जपते. या मुलाचेही तसेच. रोज सकाळी सातला माणगावच्या एसटी स्टँडवर जायचे, ठरलेल्या टपरीवर अर्धा कप चहा घ्यायचा, ठरलेली गाडी सुटली की घरी यायचे. वर्षानुवर्षे हा नेम. सगळे कंडक्टर त्याला ओळखत.

मार्च २०२० मध्ये एसटी बंद झाली. टपरी बंद झाली. तोंडाला फडके बांधलेली माणसे दिसू लागली. आपल्याला निदान कारण ठाऊक होते. त्याला वाटले, घरच्यांनीच आपल्याला कोंडले आहे. तो दारावर डोके आपटू लागला, जेवणाचे ताट ढकलू लागला. आई माझ्याकडे झोपेची गोळी मागायला आली. गोळी दिली नाही, हे त्यातल्या त्यात बरे केले. "सकाळी सातला त्याला शर्ट-पँट घालून तयार करा, वर्दळ नसेल तेव्हा घरामागून नदीच्या बाजूला फिरवून आणा, आल्यावर अर्धा कप चहा द्या," एवढेच सांगितले. आठ-दहा दिवसांत आरडाओरडा कमी झाला. एसटी नसली तरी सकाळचे सात वाजणे त्याला परत मिळाले होते.

त्यानंतर ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूला पत्रे उडाले, झाडे पडली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. साथीमुळे 'दूर राहा' आणि वादळामुळे 'एका छपराखाली या', असे दोन उलटे हुकूम एकाच वेळी आले. शहाणी माणसे गोंधळली, तिथे या लेकरांची काय कथा!

माझी चूक

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. आईला कोरोना झाला आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागले. मुलाकडे बघायला आत्या आली. आत्या प्रेमळ, पण तिला त्याचे काहीच ठाऊक नव्हते. फिटची गोळी रात्री केळ्यात घालून द्यावी लागते, हे फक्त आईच्या डोक्यात होते. दोन रात्री गोळी चुकली आणि तिसऱ्या दिवशी फिट आली.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दोन दिवसांनी आत्याचा फोन आला, "डॉक्टर, जेवत नाही. बोलत नाही. रात्री आडवा होत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतो." दवाखान्यात गर्दी उसळली होती. मी म्हणालो, "आईची आठवण येत असेल. दोन दिवस बघा." फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाडीतली आशाताई पाहणीला आली. तिने त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ८६. पुढे धावपळ झाली, त्याला दाखल केले, मामाला त्याच्या खाटेजवळ बसू दिले आणि देवदयेने तो घरी आला. पण माणूस आडवा होत नाही, बसूनच झोपतो, म्हणजे त्याला श्वास पुरत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवले असते. दुसऱ्या कोणाही रुग्णाबद्दल हे ऐकले असते तर मी तडक धावलो असतो. इथे मात्र त्याच्या अक्षमतेच्या आड मला त्याचा आजार दिसला नाही.

ही चूक माझी एकट्याची नाही. अशा व्यक्तीला काहीही झाले की आपण म्हणतो, "तो तसाच आहे." त्या तीन शब्दांत न्यूमोनिया लपतो, कानाचे दुखणे लपते, किडलेली दाढ लपते, चार दिवसांचा बद्धकोष्ठ लपतो.

कोरोनाच्या साथीत याची किंमत मोठी होती. इंग्लंडमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेतल्या नोंदी तपासल्या तेव्हा, वय आणि स्त्री-पुरुष हा फरक लक्षात घेऊनही, बौद्धिक अक्षमता असलेल्यांमधले मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळले. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना कोरोनाने मृत्यू येण्याचा धोका दहापट दिसला. हृदयातले जन्मजात दोष, कमी प्रतिकारशक्ती, लठ्ठपणा, थायरॉइड ही त्यामागची काही कारणे. दुखणे उशिरा कळणे हेही एक, आणि ते आपल्या हातातले आहे.

वागणे बदलले की आधी आजार समजा

आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. तुमच्या घरातली अशी व्यक्ती अचानक गप्प झाली, चिडकी झाली, जेवण टाकले, दिवसा झोपू लागली, कान-डोके धरून बसू लागली, अंथरूण ओले करू लागली, तर ती हट्ट करते आहे असे समजू नका. आधी ताप पाहा. ती शांत असताना छातीची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे श्वास साधारण १२ ते २० असतात. २४ च्या वर गेले तर डॉक्टरांकडे न्या. ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली असेल तर वाट पाहू नका. मात्र काहींना हृदयाचा जन्मजात दोष असल्याने आकडा नेहमीच थोडा कमी असतो. म्हणून तब्येत चांगली असतानाचा आकडा लिहून ठेवा. आणि डॉक्टर माझ्यासारखे "आठवण येत असेल" म्हणाले, तर संकोच न करता सांगा, "हे त्याचं रोजचं वागणं नाही. एकदा तपासा."

झोपेची गोळी मनाने देऊ नका. श्वासाचा त्रास असताना ती घातक ठरू शकते. फिटची गोळी एकदम बंद करू नका. घरात निदान महिनाभराची शिल्लक असू द्या.

आईच्या डोक्यातले कागदावर आणा

एका कागदावर ठळक अक्षरात लिहा: नाव, आजार, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, रोजची औषधे आणि ती कशातून देतात, काय खातो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, शौचाला लागली की काय खूण करतो, दुखले की कसा वागतो. खाली दोन नातेवाइकांचे फोन नंबर. कागदाच्या तीन प्रती काढा. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात टांगा, एक नातेवाइकाकडे द्या, एक डॉक्टरांकडे. आत्याकडे असा कागद असता तर ती फिट टळली असती.

नुसता कागदही पुरत नाही. महिन्यातून एक दिवस आईने बाजूला बसावे आणि दुसऱ्याने त्याला जेवू-खाऊ घालावे. आई आजारी पडल्यावर त्याने परका हात पहिल्यांदा पाहू नये.

सराव साथीच्या आधी

मास्क, ऑक्सिमीटर, घशातला स्वॅब, इंजेक्शन या गोष्टी अशा व्यक्तीच्या अंगावर अचानक येऊ नयेत. आधी आईने मास्क लावावा, मग बाहुलीला, मग त्याला. पहिल्या दिवशी एक मिनिट, आठवड्याने दहा. लाळेने ओला झालेला मास्क लगेच बदला. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही किंवा श्वासाचा त्रास आहे, त्याला सक्ती करू नका. घरातल्या बाकीच्यांनी लावावा. हात धुण्यासाठी रोजच्या वेळा ठरवा आणि शेजारी उभे राहून स्वतःही धुवा. समजावताना एका वेळी एकच गोष्ट, थोड्या शब्दांत सांगा. "बाहेर गेलास तर मरशील" अशी भीती घालू नका. ती भीती साथ गेल्यावरही मनातून जात नाही.

लस टाळू नका. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्या आजारी लोकांना आधी कोरोनाची लस मिळाली, त्यांच्या यादीत बौद्धिक अक्षमता असलेल्यांचाही समावेश होता. पण यादीत नाव असूनही गर्दीच्या धास्तीने कित्येक घरांनी उशीर केला. नर्सताईंना आधी सांगून कमी गर्दीच्या वेळी न्या. आवडते गाणे किंवा खाऊ सोबत असू द्या.

मृत्यू लपवू नका

एका घरात आजोबा गेले तेव्हा नातीला सांगितले, "मुंबईला गेलेत." ती कित्येक महिने संध्याकाळी पायरीवर बसून वाट पाहत असे. "आजोबा वारले, आता येणार नाहीत," असे साध्या शब्दांत सांगा. हार घातलेला फोटो दाखवा, सगळ्यांबरोबर रडू द्या. त्यांनाही दुःख होते आणि दुःख करण्याचा हक्कही आहे.

कायदा काय देतो?

२०१६ च्या कायद्याच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवून त्यांना धोक्याची सूचना द्यायची आहे. आपल्या घरातल्या व्यक्तीचे नाव त्या नोंदीत आहे का, याची तलाठी किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' कार्ड काढून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. वयाची अट नाही. आई-वडिलांच्या मागे कायदेशीर पालक कोण, हा प्रश्नही १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून आधीच सोडवून घेता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण डेंग्यू, लेप्टो, फ्लू हे पाहुणे पावसाळ्यात आपल्याकडे येतातच. वरचे सगळे त्यांनाही लागू आहे.

त्या आईला मी शेवटी खरे काय ते सांगितले. म्हटले, "वहिनी, मी नाही वाचवला. त्या आशाताईने वाचवला. आणि तुमच्या नणंदबाईंनी. त्याच्या झोपण्यातला फरक त्यांनीच ओळखला होता." ती हसली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. औषधांच्या नावांखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: 'सकाळी सात वाजता चहा. अर्धा कप.'

आता तो मुलगा पुन्हा रोज स्टँडवर जातो. कागदाची एक प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तुमच्या घरात असे कोणी असेल तर तुमचा कागद आजच लिहायला घ्या.