पहाटेच्या हनोईत

हनोई पाहायचं तर पहाटे पाचला उठावं. होआन कीएम तळ्याकाठी तेव्हा शहर जागं झालेलं असतं: आजीबाई संथ लयीत ताई-ची करतात, कुणी बॅडमिंटन खेळतं. २०१६पासून शनिवार-रविवारी तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांसाठी बंद असतात, तेव्हा तिथे मुलांचं राज्य असतं.

मग कॉफी. १९४६ साली दूध मिळेनासं झालं, तेव्हा न्गुएन वान जांग या हॉटेल कर्मचाऱ्यानं अंड्याचा पिवळा बलक साखरेसोबत फेटून कडक कॉफीवर घातला. नाक मुरडू नये. दाट, गोड फेसाखालची ती कडू कॉफी खरोखर अप्रतिम लागते. त्यांचं ‘काफे जांग’ आजही सुरू आहे.

साहित्य मंदिर १०७०चं. दगडी कासवांच्या पाठीवरचे ८२ शिलालेख राजपरीक्षांतल्या पदवीधरांची नावं सांगतात. इथे घाई करू नये.

उन्हं कलली की लाँग बिएन पुलावर जावं. फ्रेंचांनी बांधलेला हा पूल १९०२मध्ये पूर्ण झाला, अमेरिकी बॉम्बहल्ल्यांत वारंवार मोडला, पुन्हा उभा राहिला. मोटारींना तिथे मज्जाव. मधून रेल्वे, कडेनं दुचाक्या आणि पादचारी जातात. खाली तांबूस पाण्याची लाल नदी, आणि तिच्यातल्या बेटावर केळीच्या बागा.