छिद्रयुक्त खोल तुळया आणि भाराची वाट

नांदेड आणि लातूर यांसारख्या वाढत्या नगरांत तळमजल्यावर दुकाने व वर निवासाच्या खोल्या अशी इमारतींची मांडणी सर्वत्र आढळते. खाली मोकळी जागा हवी म्हणून वरचा एखादा खांब मध्येच थांबवून त्याचा भार सलोह काँक्रीटच्या खोल तुळईवर, म्हणजेच व्यवहारातील डीप बीमवर, घेतला जातो. आणि त्याच तुळईतून पाण्याचे नळ व विजेच्या वाहिन्या नेण्याची निकड उत्पन्न होते. अशा वेळी छिद्र कोठे ठेवावे हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

भारतीय मानक आय.एस. ४५६ (२०००) यातील कलम २९ प्रमाणे, गाळा व एकूण खोली यांचे गुणोत्तर साध्या आधारांवरील तुळईत २ पेक्षा आणि अखंड तुळईत २.५ पेक्षा कमी असेल, तर ती खोल तुळई होय. सामान्य तुळईचे सिद्धांत येथे लागू पडत नाहीत. भार तिरक्या दाबपट्ट्यांतून आधारांकडे उतरतो आणि तळाचे गज त्या पट्ट्यांची टोके एकत्र बांधून धरतात.

उदाहरणार्थ, ४ मीटर गाळ्याची व २.५ मीटर खोलीची तुळई घेऊ. गुणोत्तर १.६ येते. मानकानुसार तरफेची भुजा ०.२ × (४ + २ × २.५), म्हणजे १.८ मीटर. मध्यभागी ८०० किलोन्यूटन अभिकल्प-भार असल्यास नमन परिबल ८०० किलोन्यूटन-मीटर आणि तळाच्या गजांतील ताण सुमारे ४४४ किलोन्यूटन होतो. ५०० प्रतीच्या पोलादाचे सुमारे १०२० चौरस मिलिमीटर क्षेत्र त्यास लागते. २० मिलिमीटर व्यासाचे चार गज पुरेसे होतात. ते तळापासून ४२५ मिलिमीटरच्या पट्ट्यात, मध्येच न तोडता, आधारांपलीकडे नीट रोवले पाहिजेत. प्रत्येक दाबपट्टी आडव्या रेषेशी सुमारे ४२ अंशांचा कोन करते व सुमारे ६०० किलोन्यूटन दाब वाहते.

आता या तुळईत अर्धा मीटर बाजूचे चौकोनी छिद्र ठेवावयाचे आहे. ते गाळ्याच्या मध्यावर, खोलीच्या मध्याजवळ ठेवल्यास दोन दाबपट्ट्यांमधील अल्प प्रतिबलाच्या भागात पडते. तेच छिद्र आधारापासून एक मीटरवर व तळाच्या गजांपासून ०.९ मीटर उंचीवर ठेवले, तर ते दाबपट्टीच्या नेमके मार्गात येते. मग दाब दुभंगून छिद्राच्या वरून व खालून जातो, आणि या वळणांवर आडवा ताण उत्पन्न होतो. तेथे गज नसल्यास काँक्रीट छिद्राच्या कोपऱ्यांतून तडकते आणि तुळई फारशी पूर्वसूचना न देता निकामी होऊ शकते. छिद्राचे आकारमान दोन्ही ठिकाणी एकच. स्थान मात्र निर्णायक.

उपरोक्त कलमात छिद्रांसाठी सूत्र नाही. १९८७ मध्ये श्लाइख व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबपट्ट्या व ताणपट्ट्यांच्या प्रतिरूपाची सुसंगत पद्धती मांडली. तीत असे प्रतिरूप अभ्यासकाने स्वतः रचावयाचे असते. तेथे संरचना-इष्टतमीकरण साहाय्य करते. अल्पतम द्रव्याच्या चौकटीचा विचार मिशेल यांनी १९०४ मध्येच केला होता. १९८८ मध्ये बेंडसो व किकुची यांनी त्यास संगणकीय रूप दिले. तुळईचे लहान घटक पाडून प्रत्येकाची घनता शून्य ते एक यांमध्ये बदलू द्यावयाची, छिद्राचा भाग रिकामा ठेवावयाचा, आणि द्रव्याच्या ठरावीक मर्यादेत तुळई जास्तीत जास्त ताठर करावयाची, अशी ही रीत होय. गणनेअंती उरलेला सांगाडा छिद्राला वळसा घालणारी भाराची वाट दाखवितो.

तथापि हा सांगाडा म्हणजे अभिकल्प नव्हे. नेहमीच्या गणनेत द्रव्य ताणात व दाबात सारखेच मानलेले असते. काँक्रीट ताणात दुर्बल आहे याची त्या गणनेस जाणीव नसते. तिने दाखविलेले बारीक तिरके अवयव कामावर गज वाकवून बांधता येतीलच असेही नाही. म्हणून सांगाड्यावरून सरळ अवयवांचे प्रतिरूप रचावे, त्याचा समतोल तपासावा, आणि दाबपट्ट्या, सांधे व गजांची रोवणी यांचे सामर्थ्य स्वतंत्रपणे पडताळावे.

लातूर जिल्ह्यात आणखी एक दक्षता अगत्याची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः दगडमातीच्या घरांखाली. तो प्रदेश तेव्हा भूकंपाच्या न्यूनतम धोक्याच्या पहिल्या विभागात गणला जात होता. २००२ च्या आय.एस. १८९३ मध्ये तो तिसऱ्या विभागात आला. एकाच उभ्या भारासाठी काढलेली इष्टतम आकृती भूकंपाच्या आलटूनपालटून येणाऱ्या आडव्या बलांस अपुरी पडू शकते. म्हणून गणनेत अनेक भारस्थितींचा एकत्र विचार झाला पाहिजे. शिवाय, असा अधांतरी खांब भूकंपबल वाहणाऱ्या मुख्य सांगाड्याचा भाग असल्यास २०१६ चे मानक तो निषिद्ध ठरविते. मूळ मांडणीतील हा दोष तुळईच्या इष्टतमीकरणाने दूर होत नाही.

यास्तव नळ व वाहिन्यांचे मार्ग आराखड्याच्या अवस्थेतच निश्चित करून छिद्र शक्यतो दाबपट्टीबाहेर ठेवावे. काँक्रीट ओतल्यावर पाडलेले छिद्र गणनेत धरलेले नसते आणि त्याभोवती गजही नसतात.