धावत्या गाडीतले गाणे

प्रवास आणि गाणी यांची जोडी जुनीच. अमेरिकेत शिकागो येथे पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीत बसवायचा रेडिओ विक्रीस आणला; त्याचे नाव ‘मोटोरोला’. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि पुढे तीही मोटारीत जाऊन बसली. आज गाणी खिशातल्या मोबाइलमध्ये असतात आणि स्पीकर गाडीच्या दारात. या दोघांची गाठ घालून देण्याचे अनेक मार्ग आहेत. ते कसे चालतात हे या लेखात पाहू. त्यात विज्ञान तर भरपूर आहे. पण आपली कसोटी आवाजाच्या गोडीची नाही. प्रत्येक मार्गाला आपण एकच प्रश्न विचारणार आहोत : गाडी चालू असताना हा मार्ग चालकाला किती वेळा आपल्याकडे पाहायला लावतो?

हाच प्रश्न का, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. चालकाने दोन सेकंद मान वळवून फोनच्या पडद्याकडे पाहिले, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. म्हणजे अशी अडीच मैदाने गाडी न पाहता ओलांडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाने हेच अंतर ५५ मीटरांच्या वर जाते. शिवाय डोळे रस्त्यावर परतले म्हणून गाडी लगेच थांबत नाही. धोका ओळखून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर आणखी १७ मीटर. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद एवढा कमी होतो असे मानले, तर वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट या सूत्राने आणखी २३ मीटर. सारे मिळून ७३ मीटर.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी शंभर मोटारींत कॅमेरे बसवून चालकांचे रोजचे वागणे टिपले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणात असे दिसले की नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ रस्त्यावरून हटली, की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका निदान दुप्पट होतो. तिथल्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मोटारीतील उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही एका नजरेला दोन सेकंद हीच मर्यादा आहे. फोनमध्ये एखादे गाणे शोधायला किती वेळ लागतो, हे वाचकांनी घड्याळ लावून स्वतःच पाहावे.

निवड वाढली कशी?

कॅसेटच्या काळात हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास वाजे. कॅसेट आत ढकलायची, एवढेच काम. तेही चाचपडत जमे. पुढचे गाणे कोणते हा प्रश्नच नव्हता, ते ठरलेलेच असे. ही कॅसेटची उणीव समजली जाई. रस्त्यावर मात्र तो तिचा गुण होता.

अंकीय ध्वनीने निवड आणली. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी केलेली असते, प्रत्येक मोजणी १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. पाच मिनिटांचे गाणे सुमारे ५३ मेगाबाइट जागा खाते. एमपी-३ पद्धतीने, सेकंदाला १,२८,००० बिट या प्रचलित दराने, तेच गाणे ४.८ मेगाबाइटमध्ये मावते. २००१ साली आलेल्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइट जागा होती. भागाकार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. उत्तर हजाराच्या आसपास येईल. हजार गाण्यांतून एक शोधायचे तर यादी वाचावी लागते, आणि यादी चाचपडून वाचता येत नाही.

एमपी-३ मध्ये जागा वाचते ती कानाच्या एका मर्यादेमुळे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा, जवळपासच्या कंपनसंख्येचा लहान आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. याला आच्छादन म्हणतात. जे ऐकू येणारच नाही ते बारकाईने साठवायचे कशाला, असा हा हिशेब. हे आच्छादन लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

गाणे फोनपासून स्पीकरपर्यंत

जुन्या गाड्यांत फक्त कॅसेट-प्लेअर असे. त्यासाठी निघालेली युक्ती आम्हाला या सगळ्यांत सर्वात सुंदर वाटते. कॅसेटच्या आकाराचे एक कवच, त्यातून एक वायर बाहेर येऊन फोनच्या हेडफोनच्या खाचेत जाते. कवचात फीत नसतेच. फीत ज्या जागी प्लेअरच्या हेडला घासून जायची, तिथे एक लहानसा विद्युतचुंबक असतो. फोनमधून येणारी बदलती धारा त्यात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि समोरच्या हेडच्या वेटोळ्यात त्यामुळे विद्युतदाब प्रवर्तित होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेले प्रवर्तन ते हेच. बिचाऱ्या प्लेअरला वाटते, समोरून फीतच जाते आहे! या मार्गाचा दोष म्हणजे लोंबणारी वायर. ती गिअरच्या दांड्यात अडकणार नाही अशी आधीच बांधून टाकावी.

दुसरा मार्ग सिगारेट लायटरच्या खाचेत खोचायच्या छोट्या एफ.एम. प्रक्षेपकाचा. तो फोनमधले गाणे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या एखाद्या मोकळ्या जागी अत्यंत क्षीण शक्तीने प्रक्षेपित करतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. एफ.एम. रेडिओची खासियत अशी की एकाच वारंवारतेवर दोन लहरी आल्या तर तो प्रबळ लहर धरतो आणि दुसरी जवळजवळ पुसून टाकतो. म्हणून पुण्यात मोकळी असलेली जागा धरून आपण मुंबईकडे निघालो आणि तिथे त्याच जागी एखादे केंद्र असले, तर आपले गाणे मध्येच तुटते आणि निवेदकाचा आवाज घुसतो. मग चालक आधी प्रक्षेपकाची वारंवारता बदलतो, नंतर रेडिओची. दोन यंत्रे, दोन छोटे आकडे, तेही वाहत्या रस्त्यावर. आमच्या कसोटीला सर्वात वाईट उतरणारा मार्ग हाच.

तिसरा मार्ग ३.५ मिलिमीटरच्या पिनेची सरळ वायर. यात बिघडण्यासारखे काही नाही असे वाटते, पण बहुतेकांना एक अनुभव येतो : फोन गाडीतच चार्जिंगला लावला की स्पीकरमधून बारीक शिटी सुरू होते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की शिटीची पट्टी वर चढते. गाडीचा सांगाडा हाच बॅटरीचा ऋण मार्ग असतो. चार्जरच्या वायरने फोन एका ठिकाणी सांगाड्याला जोडला जातो, गाण्याच्या वायरने दुसऱ्या ठिकाणी. सांगाड्यातून मोठ्या धारा वाहत असल्याने या दोन ठिकाणी विद्युतदाब अगदी सारखा नसतो. ऑल्टरनेटरची धारा डायोडमधून एकदिश झाली तरी तिच्यात थोडी लहर उरते. ती या बंद वळशातून फिरते आणि ॲम्प्लिफायर तिलाच गाणे समजतो. इंजिनाचे फेरे वाढले की लहरीची वारंवारता वाढते, म्हणून शिटी चढते. चार्जर काढताच शिटी गेली, तर निदान पक्के. गाण्याच्या वायरीत एक छोटा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर घातला की वळसा तुटतो, कारण ट्रान्सफॉर्मरमधून गाणे चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने जाते, तांब्याच्या वाटेने नाही. इलाज सोपा आहे. वाहत्या रस्त्यावर वायरी उपटत, खोचत निदान करणे मात्र नको.

ब्ल्यूटूथ हा आजचा राजमार्ग. दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचे नाव त्याला दिले आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ वाटा आहेत. गाणे वाहून नेणारी प्रचलित ब्ल्यूटूथ जोडणी सेकंदाला १,६०० वेळा वाट बदलत राहते. त्यामुळे एखाद्या वाटेवर दुसऱ्या यंत्राचा गोंगाट असला तरी गाणे अडत नाही. वायर नाही, शिटी नाही, स्टेअरिंगवरच्या बटणाने पुढचे गाणे लावता येते. मात्र इथे गाण्याबरोबर अख्खा फोनच गाडीत शिरतो : संदेश, सूचना, कुणाचा तरी कॉल. फोनमधील वाहन चालवतानाची सोय आधीच सुरू करून हे बंद ठेवता येते. जोडणी उभ्या गाडीत एकदा करून ठेवावी.

आमचे मत विचाराल तर, साध्या पेन ड्राइव्हवर तास-दोन तासांची गाणी क्रमाने भरून तो यू.एस.बी. खाचेत लावणे सर्वात उत्तम. बिटांचे ध्वनीत रूपांतर गाडीतच होते, आणि निवड घरी झालेली असते. कॅसेटचा गुण परत मिळतो.

बोलून हुकूम देण्याची सोय असली तरी डोळ्यांबरोबर मनही लागते. अमेरिकेतील एएए फाउंडेशनसाठी यूटा विद्यापीठाने केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही आवाजी यंत्रणा वापरल्यानंतर चालकाचे लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचे दिसले.

कान, बाहेरचे आवाज आणि उडणारा फोन

आता आच्छादनाकडे परत येऊ. जी मर्यादा एमपी-३ ला जागा वाचवू देते, तीच मर्यादा रुग्णवाहिकेचा भोंगा गिळते. काचा बंद, वातानुकूलन चालू, टायरांचा घोंघाट, त्यावर मात करायला चढवलेले गाणे. मागून आलेला भोंगा या सगळ्याखाली झाकला जातो. आपल्या गाडीची परीक्षा सोपी आहे. गाडी मोकळ्या मैदानात उभी करून काचा लावाव्यात, नेहमीइतके मोठे गाणे लावावे, आणि सहकाऱ्याला तीस मीटर मागे उभे राहून स्कूटरचा हॉर्न वाजवायला सांगावे. तो सहज ऐकू आला नाही, तर ज्या खुणेवर येईल तीच आवाजाची कमाल मर्यादा समजावी. धावत्या गाडीत तर त्याहूनही खाली.

इअरफोन लावून गाडी चालवणे अधिकच वाईट. आवाज कुठून आला हे मेंदू ओळखतो त्यात दोन्ही कानांवर तो पोचण्यातल्या वेळेच्या फरकाचा मोठा वाटा असतो. डोक्याची रुंदी २० सेंटिमीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर हा फरक फार तर ०.६ मिलिसेकंद येतो. एक कान बुजवला की ही बारीक तुलना बिघडते. हॉर्न ऐकू येतो, पण बाजू कळत नाही.

फोन ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचे आहे. ताशी ५० च्या वेगातली गाडी आदळून थांबली, तर सुटा फोन न्यूटनच्या पहिल्या नियमाने सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने पुढे जातच राहतो. हा वेग मिळायला वस्तू दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडावी लागते. म्हणून फोन घट्ट पकडीत हवा, आणि ती पकड एअरबॅगच्या झाकणावर नको : एअरबॅग सुमारे तीन शतांश सेकंदात फुगते आणि वाटेत येईल ते फेकते. उतरताना फोन उन्हातल्या बंद गाडीत विसरू नये. एप्रिल-मे महिन्यांत आतले तापमान ५० अंशांच्या पुढे जाते, आणि लिथियम-आयन बॅटरीला ते मानवत नाही.

कायद्याचे थोडक्यात : २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात वाहन चालवताना हातातील संपर्कसाधनाचा वापर हे धोकादायक चालवण्याचे उदाहरण म्हणून नमूद आहे.

वर्गासाठी प्रयोग

बारावीच्या वर्गातली काही मुले लवकरच परवाना काढतील. त्यांच्यासाठी तीस सेंटिमीटरची एक पट्टी पुरे. एकाने पट्टी उभी धरावी, दुसऱ्याने खालच्या टोकाशी अंगठा व बोट उघडे ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी आणि ती किती सेंटिमीटर घसरून पकडली गेली ते लिहावे. काळाचा वर्ग बरोबर अंतराची दुप्पट भागिले गुरुत्वत्वरण. वीस सेंटिमीटरला सुमारे ०.२ सेकंद येतात. दुसऱ्या फेरीत पकडणाऱ्याच्या मोकळ्या हातात चाळीस गाण्यांची छापील यादी द्यावी, एक गाणे शोधायला सांगावे आणि शोध चालू असताना पट्टी सोडावी. प्रत्येक काळाला १६.७ ने गुणले की तेवढ्यात गाडी किती मीटर जाईल ते मिळते. ब्रेकवर पाय नेण्याला बोटे मिटण्याहून जास्त वेळ लागतो, हे मुलांना सांगावे.

दुसऱ्या फेरीत पट्टी अनेकदा पकडलीच जाणार नाही. अशा वेळी तक्त्यात ‘३० पेक्षा जास्त’ असे लिहावे. त्या नोंदी चुकलेल्या समजून गाळू नयेत, आणि उरलेल्यांची सरासरी काढून मोकळे होऊ नये. नेमक्या त्याच नोंदी आपल्याला हव्या आहेत.