बाण आधीच का सुटतो?

आजचा विषय आहे अशी एक अडचण, जिच्यापायी चांगले चांगले तिरंदाज धनुष्य खुंटीला टांगतात. तिला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. हात गालाला टेकायच्या आधीच बोटं सुटतात. किंवा बाणाचं टोक पिवळ्या वर्तुळाच्या खाली अडकून बसतं, काही केल्या वर जात नाही. आणि त्याच माणसाला टार्गेटचा कागद काढून कोऱ्या बटावर बाण मारायला सांगा, बहुतेक वेळा सगळं सुरळीत होतं! म्हणजे दोष हातात नाही.

मग कुठे आहे? हजारो बाण मारताना मेंदू एक गाठ बांधतो: पिवळं दिसलं की सोड. बाण लागला की आनंद होतो, गाठ आणखी घट्ट होते. मग मेंदू घाई करू लागतो. नेम जुळायच्या आधीच, नुसतं पिवळं नजरेत येताच, बोटांना हुकूम जातो. मुरलेले तिरंदाजही यातून सुटत नाहीत. अमेरिकेतले नामांकित धनुर्धर फ्रेड बेअर यांनाही हा त्रास होता. त्यामुळे कुणाला भित्रा ठरवू नका. ‘मन घट्ट कर’ असं सांगूनही काही साधत नाही.

फौजेत रायफलच्या फायरिंगमध्ये असाच प्रकार दिसतो. धक्का बसणार या अपेक्षेनं जवान ट्रिगर झटकतो. त्यावर उस्ताद जिवंत राउंडांमध्ये मधूनच एखादा डमी राउंड भरतात. बार होत नाही, पण नळी झुकलेली लगेच दिसते. पुढचा राउंड कुठला, हे जवानाला कळत नाही, म्हणून तो हळूहळू ट्रिगर नीट दाबायला शिकतो. आपल्यालाही हेच करायचं आहे. पुढे काय होणार, हे बोटांना आधी ठाऊक असता कामा नये.

ऑलिंपिकच्या रिकर्व्ह धनुष्यावर हे काम क्लिकर करतो. बाण पूर्ण ओढला की पातळ पट्टी ‘टिक’ वाजते, मग बाण सोडायचा. म्हणजे इशारा डोळ्याकडून कानाकडे जातो. बांबूच्या किंवा लाकडी पारंपरिक धनुष्यावर सहसा ही सोय नसते. तिथे लगाम सरावानंच घालावा लागतो.

सरावाचे चार टप्पे आहेत.

पहिला: चार-पाच मीटरवर कोरा बट. धनुष्य हलकं घ्या. जड धनुष्य पेलवत नाही, म्हणूनही बोटं सुटतात. ओढा, गालाला टेकवा, पाठीचे स्नायू ताणत राहा, मग सोडा. दोन-तीन आठवडे एवढंच.

दुसरा: आता टार्गेट लावा, पण बाण सोडायचा नाही. पिवळ्यावर नेम धरा, मनात तीन मोजा आणि दोरी सावकाश परत आणा. पहिल्या दिवशी हे फार जड जातं. जड जातं, म्हणजे गाठ सापडली.

तिसरा: सोबत्याला मागे उभं करा. तुमचा नेम लागला की तो ‘सोड’ म्हणेल किंवा ‘उतरव’ म्हणेल. काय म्हणेल, ते तुम्हाला ठाऊक नसावं. हाच आपला डमी राउंड.

चौथा: अंतर थोडं थोडं वाढवा. त्रास परतला, तर मुकाट्यानं एक टप्पा मागे या. या काळात गुण मोजू नका, स्पर्धा खेळू नका.

एक सावधगिरी. या सगळ्या सरावात बाण दोरीवर असलाच पाहिजे आणि धनुष्याचा रोख बटाकडेच. बाणाशिवाय दोरी सोडली, तर धनुष्य तडकू शकतं.

काही पारंपरिक तिरंदाज झटकन बाण सोडतात. ते चूक का? मुळीच नाही. कसोटी एकच: पूर्ण ओढलेलं असताना कुणी ‘थांब’ म्हटलं, तर तुम्ही थांबू शकता का? थांबू शकत असाल, तर बाण तुमच्या हुकमात आहे. मग तो एका सेकंदात सोडा नाहीतर पाच सेकंदांत.

तेव्हा उद्या मैदानावर पहिले दहा बाण ओढा आणि एकही सोडू नका. जय हिंद.