नवं कार्ड घातलं आणि जुन्याचा पत्ता बदलला

आजचा विषय सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो, आणि बहुतेक वेळा रात्रीच भेटतो. तुम्ही नागपूरला असा, बेळगावला असा की इंदूरला, गोष्ट तीच. माझी चंडीगडची आहे.

तिथे काम करत असताना एका तपासणी लॅबचा सर्व्हर आमच्याकडे होता. सकाळी आठला रिपोर्ट त्यावरून दवाखान्यांना जायचे. बॅकअपसाठी वेगळं नेटवर्क हवं होतं, म्हणून रात्री दहाला सर्व्हर बंद करून आमच्या मुलाने त्यात नवं नेटवर्क कार्ड बसवलं, त्याची केबल बॅकअपच्या स्विचला लावली आणि सर्व्हर चालू केला. मी घरी होतो. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

“सर, सर्व्हर चालू झालाय, पण लॅबमधला एकही कॉम्प्युटर त्याला पोचत नाही.”

“आयपी आला का?”

“आलाय सर. नाव तेच, आयपी तोच, लिंक पण दाखवतोय. पण पिंग जात नाही.”

सगळं बरोबर आणि तरी बंद. मी उठून निघालो. वाटेत केबल, स्विच, फायरवॉल, सगळे संशय घेऊन झाले. दोष यातल्या कशाचाच नव्हता. तो कुठे होता ते कळायला आधी सर्व्हरमधले पत्ते कसे ठरतात ते पाहू.

बस क्रमांक कसा ठरतो

सर्व्हरमधल्या प्रत्येक पीसीआय एक्सप्रेस उपकरणाला एक पत्ता असतो: बस क्रमांक, उपकरण क्रमांक, फंक्शन क्रमांक. बसला ८ बिट, म्हणजे २५६ क्रमांक; उपकरणाला ५ बिट, म्हणजे ३२; फंक्शनला ३ बिट, म्हणजे ८. यातला बस क्रमांक कार्डावर लिहिलेला नसतो आणि स्लॉटवरही कोरलेला नसतो. सर्व्हर चालू होताना बायॉस किंवा यूईएफआय तो मोजून देतं.

मोजणी पोस्टमन गल्ल्या फिरतो तशी होते. सुरुवात बस ० वरून. तिथे एखादा पूल, म्हणजे ब्रिज, दिसला की त्याच्या पलीकडच्या बाजूला पुढचा मोकळा क्रमांक मिळतो. त्या गल्लीत आणखी पूल असेल तर आधी आत शिरायचं, शेवटपर्यंत जायचं, मग परत येऊन पुढची गल्ली. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटच्या मागे असा एक पूल असतो, त्याला रूट पोर्ट म्हणतात.

आता आकडे घेऊ. समजा तीन रूट पोर्ट आहेत. पहिल्यावर डिस्क कंट्रोलर, दुसरा रिकामा, तिसऱ्यावर नेटवर्क कार्ड. अनेक मदरबोर्डांचं फर्मवेअर रिकाम्या स्लॉटचा पोर्ट बंदच करून टाकतं. मग डिस्क कंट्रोलरला बस १ मिळते आणि नेटवर्क कार्डाला बस २.

दुसऱ्या स्लॉटमध्ये नवं कार्ड घाला. आता बस २ त्याला मिळते आणि जुनं नेटवर्क कार्ड बस ३ वर सरकतं. त्याला कोणी हातही लावलेला नाही.

नव्या कार्डावर स्वतःचा पीसीआय स्विच असेल तर उडी मोठी असते. दोन एनव्हीएमई डिस्क बसवायचं कार्ड घ्या. स्विचचं वरचं तोंड बस २ वर, स्विचच्या आतली बस ३, दोन डिस्कच्या बस ४ आणि ५. जुनं नेटवर्क कार्ड थेट ६ वर.

प्रत्येक सर्व्हरवर असं होतंच असं नाही. हॉटप्लगच्या स्लॉटसाठी काही फर्मवेअर आधीच क्रमांक राखून ठेवतं. दोन प्रोसेसरच्या मोठ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरला क्रमांकांचा वेगळा गट दिलेला असतो, त्यामुळे सरकासरकी बहुतेकदा त्या गटातच राहते. पण “आमच्याकडे होत नाही” हे तपासल्याशिवाय म्हणू नका.

नाव तेच, कार्ड दुसरं

बस क्रमांक बदलला तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण लिनक्स त्यावरून नाव ठेवतं. पूर्वी ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं असायची, आणि कुठलं कार्ड आधी सापडेल त्यावर ती ठरायची. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने जागेवरून नाव ठेवायची पद्धत आणली. मदरबोर्डवरच्या पोर्टला ईएनओ१, स्लॉटचा क्रमांक फर्मवेअरने सांगितला तर ईएनएस१, आणि तोही नसेल तर बस क्रमांकावरून ईएनपी२एस०. म्हणजे बस २, उपकरण ०.

इथे एक बारीक खोच आहे. एलएसपीसीआय कमांड बस क्रमांक सोळाच्या पायावर दाखवते, तर नावात तो दहाच्या पायावर येतो. एलएसपीसीआयमध्ये ०ए दिसलं की नावात १० शोधा.

आता लॅबकडे परत. जुनं कार्ड ईएनपी२एस० होतं आणि लॅबचा आयपी त्या नावाला बांधलेला होता. नवं कार्ड बस २ वर आलं आणि ते नाव त्याने घेतलं. आयपीही त्याच्यासोबत गेला, बॅकअपच्या स्विचवर. जुनं कार्ड ईएनपी३एस० होऊन आयपीविना बसून राहिलं. मुलगा फोनवर खरंच सांगत होता, पण ते दुसऱ्याच कार्डाबद्दल. मॅक पत्ता जुन्या नोंदीशी ताडून पाहिला तेव्हा शेवटचे आकडे जुळेनात, आणि उलगडा झाला. नाव गायब झालं असतं तर लगेच कळलं असतं. ते दुसऱ्याला गेलं म्हणून घोळ झाला. रिपोर्ट वेळेवर गेले, पण झोप गेली.

याहून वाईटही होऊ शकतं. व्हर्च्युअल मशीनला एखादं जीपीयू थेट दिलेलं असेल तर सेटिंगमध्ये बहुधा त्याचा बस पत्ता लिहिलेला असतो. नवं कार्ड घातल्यावर त्या पत्त्यावर डिस्क कंट्रोलर आला, आणि ते मशीन आपोआप सुरू होणारं असेल, तर मूळ सर्व्हरच्या पायाखालची डिस्क निघून जाते.

चंडीगडचा सेक्टर १३

परत येताना मला चंडीगडचेच सेक्टर आठवले. सेक्टर १२ मध्ये पीजीआय, रस्ता ओलांडला की सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ. मधला १३ ल कॉर्बूझिएच्या आराखड्यात नव्हताच. तो आकडा अशुभ म्हणून गाळला असं लोक सांगतात. पुढे २०२० मध्ये शहराच्या पूर्व टोकाच्या मनीमाजराला सेक्टर १३ हे नाव दिलं गेलं. इतक्या वर्षांनी १३ आला, पण पीजीआय १२ मध्येच राहिलं आणि विद्यापीठ १४ मध्येच. बायॉसच्या पद्धतीने मोजलं असतं तर नव्या सेक्टरपुढचं अख्खं शहर एका आकड्याने सरकलं असतं.

आपल्याला सर्व्हरमध्ये सेक्टरसारखी नावं हवीत, एकदा दिली की न हलणारी. मोजणी आपल्या हातात नसते, नाव असतं.

कार्ड घालण्याआधी

एक, एलएसपीसीआयचा झाडाच्या रूपातला निकाल आणि प्रत्येक पोर्टचा मॅक पत्ता साठवून ठेवा, तोही दुसऱ्या मशीनवर.

दोन, सिस्टिमडीची लिंक फाइल लिहून मॅक पत्त्याला स्वतःचं नाव द्या, उदाहरणार्थ लॅन०, बॅकअप०. डेबियन किंवा उबंटू असेल तर त्यानंतर इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. पुढे कार्ड बदललं तर ही फाइल बदलावी लागेल, पण तो बदल तुम्ही जाणून केलेला असेल.

तीन, डिस्क एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने नोंदवा, एसडीए-एसडीबी नावांनी नको.

चार, थेट उपकरण दिलेल्या व्हर्च्युअल मशीनचं आपोआप सुरू होणं तात्पुरतं बंद करा.

पाच, नेटवर्क गेलं तरी सर्व्हरपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता, म्हणजे आयपीएमआय किंवा समोर कीबोर्ड-मॉनिटर, आधी चालवून बघा.

या पाच कामांना अर्धा तास लागतो. मी तो वाचवला होता, आणि रात्रभर फेडला.

तुमच्या सर्व्हरवर आजच एकदा नावं आणि मॅक पत्ते लिहून काढा. पुढच्या भागात भेटू.